पाच महिने बाजूला बसली नाही

पहिली लाथ कमरेत बसली तेव्हा शीला नुसती कण्हली. दुसरीनं तिचं तोंड कांद्याच्या ढिगावर आपटलं. तिसरी यायच्या आत तिनं पोटाकडं हात नेले, तर ते सासूनं मागनं पकडले आणि पिरगाळले.

"आता झाकती व्हय गं? आता?" अंबाबाई म्हणाली.

कांदा साठवायच्या बराखीच्या दाराला सयाजीनं आतनं लाकडी अडणा लावला होता. जाळीवर गोणपाटं सोडलेली. कामावरची बायामाणसं जेवायला घरी गेली होती.

"नाव सांग त्याचं," सयाजी ओरडला. "माझ्या भावाला जाऊन दोन वर्षं झाली. हे कुणाचं?"

"कुणाचं न्हाई, भावजी. गोळा हाय पोटात. आत्यांना सांगितलं व्हतं मी."

"गोळा म्हणं! चार पोरं काढलीत मी या पोटातनं, मला शिकवती?" अंबाबाईनं हात आणखी वर ओढले. "पाच महिने तू बाजूला बसली न्हाईस. एक दिस न्हाई. आन पोट आलंय पुढं. शाळा न्हाई शिकले, पर एवढं कळतंय मला."

या घरात बाई महिन्याचे चार दिवस चुलीला शिवत नाही. मागच्या पडवीत घोंगडी टाकून बसते, तिचं ताट-तांब्या वेगळा. कोण कधी बसलं, कधी उठलं, अंबाबाईला तोंडपाठ. तिच्या डोळ्यांखालनं सून काय लपवणार?

तिसरी लाथ पोटात बसली.

गुडघे मोडून शीला खाली गेली आणि साडीखालनं रक्त आलं. थेंब नव्हे, लोट. कांद्याची सालं त्यावर तरंगायला लागली.

अंबाबाईनं हात सोडले. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं तिला वाटलं.

"गेलं," ती म्हणाली. "सुटलो. सया, फडकी आण."

तेवढ्यात बाहेरनं हाक आली. "शीलाताई? मी प्रतिभा, जुन्नरहून. आज तपासणीचा दिवस ना?"

गोणपाट बाजूला सरकलं, जाळीतनं दोन डोळे आत आले आणि तिथंच थिजले.

"दार उघडा! नाहीतर इथनंच ओरडून सगळं निरगुडसर गाव गोळा करीन."

सयाजीनं अडणा काढला. प्रतिभानं आत येऊन शीलाला आडवं केलं, पाय कांद्याच्या गोणीवर ठेवले, नाडीवर बोटं धरूनच एकशेआठला फोन लावला. मग आपल्या डॉक्टरांना लावला, तो लागेना.

"तुमी कोण?" अंबाबाईनं विचारलं.

"संशोधन केंद्राची सिस्टर. गर्भपिशवीतल्या गाठींचा अभ्यास चाललाय आमचा..." ती थांबली. शीलाकडं बघितलं.

"सांगा ताई," शीला पडल्या जागेवरून म्हणाली. "माझं कुणी ऐकत न्हाई."

"मूल नाही यांच्या पोटात. गाठ आहे, नारळाएवढी. दोनशे बाया तपासल्या, एवढी मोठी गाठ कुणाचीच नाही. महिन्यातले वीस-वीस दिवस रक्त जातं. हे बघा, रक्त गेलं की तांबडी खूण करतात त्या, फार गेलं की तीन."

तिनं शीलाच्या कमरेच्या पिशवीतनं एक कार्ड काढलं. अंबाबाईनं ते ओढून घेतलं. महिन्यांच्या रांगा, दिवसांचे चौकोन. अक्षर येत नव्हतं तिला, पण तांबडा रंग वाचायला शाळा कशाला लागते? एका चौकोनात तीन-तीन खुणा होत्या. तिनं त्यावर बोट ठेवलं.

"हा कोणचा दिस?"

"ह्यांच्या दुसऱ्या वर्षश्राद्धाचा," शीला म्हणाली. "साठ माणसांचा सैपाक व्हता, आत्या."

"मग बाजूला का न्हाई बसलीस?"

"बसले व्हते की पयल्यांदा. वीस दिस. तुमीच म्हणालात, इतकं बसून खायचं आसंल तर म्हायेरची वाट धर."

अंबाबाईला आठवलं. म्हणाली होती ती. चारचौघींत म्हणाली होती आणि सगळ्या हसल्या होत्या.

फोन वाजला. प्रतिभानं स्पीकर लावून रक्ताचं सांगितलं. डॉक्टरांचा आवाज बराखीभर झाला. "एकदम एवढं रक्त कशानं? मार लागलाय का? खरं सांगा. आत फाटलं असेल तर मध्ये कुठं थांबून चालणार नाही, सरळ पुण्याला न्यावं लागेल."

"पडली," सयाजी घाईनं म्हणाला. "शिडीवरनं पडली. आये, सांग की."

शीलाचे ओठ पांढरेफटक झाले होते. तिनं सासूकडं बघितलं. "व्हय," ती पुटपुटली. "पडले."

"पडली न्हाई." अंबाबाईचा आवाज रानातल्या बायांना हाक मारायचा तोच होता. "तीन लाथा बसल्यात. दोन कमरंत, एक पोटात. घातल्या माझ्या या सयानं. आन ती पोट झाकत व्हती तवा हात मी धरले व्हते तिचे."

"आये!" सयाजी अंगावर धावला. अंबाबाईनं अडणा उचलला आणि त्याच्या तोंडावर आडवा हाणला. तो भिंतीशी जाऊन बसला. बोटांच्या फटीतनं रक्त गळायला लागलं.

"थेट पुण्याला हलवा," फोनमधला आवाज म्हणाला. "मी तिथं कळवतो."

प्रतिभानं एका हातानं शीलाचं मनगट धरलं होतं. दुसऱ्या हातानं ती गुडघ्यावरच्या फॉर्मवर भराभरा लिहीत होती. अंबाबाई तिच्याशेजारी रक्तातच बसली आणि कागदावर वाकली.

"माझं नाव लिव्हलं का?"

"नाही, आजी. यात कुणाचंच नाव नसतं. नुसता नंबर असतो. यांचा सत्तेचाळीस."

"तिचा नंबर ऱ्हाऊ दे," अंबाबाई म्हणाली. "माझं नाव लिव्ह. पुरं लिव्ह."