पिवळी गाठ

"हे काय वं आशे, बुजगावण्याचा सदरा उतरवून आनला का?"

बनाबाईनं कुंची दोन बोटांत धरून वर केली, तशा बारशाला जमलेल्या बायका हसल्या. हसणारच. देऊळघाटात बनाबाई बोलली आणि बायका हसल्या नाहीत असं कधी झालं नव्हतं.

आशाबाई, तिची चुलत जाऊ, पाळण्याची दोरी धरून उभी होती. "कुंची हाये, बाई. आमच्या पोरीनं, काजलनं, मोबाइलवरून कागदी कटिंग काढून देलं, फुकटात भेटते. तुकडे घरीच होते."

"म्हंजे कटिंग फुकटचं, कापड उरलंसुरलं. दोरा तरी इकत आनला, का तोही मांगून?"

पुन्हा हसू. बनाबाईच्या सुनेनं, शरयूनं, बाळाकडे मान वळवली. शरयूची आई मात्र हसली नाही. बुलडाण्याला मास्तरीण होती ती. चष्मा सारखा करून कुंचीकडे पाहत राहिली. या विहिणीसमोर आपल्याच भाऊबंदांनी चिंध्यांचा आहेर आणावा, हेच बनाबाईला झोंबलं होतं. सकाळपासून ती विहिणीला ऐकवत होती, की या घरातून कोणाला हलकं कापड गेलं नाही, ओटीत घातलं ते दुकानातून आणलेलं नवंकोरंच.

"ब्लाउजाले पुरत नव्हते," आशाबाई हळूच म्हणाली. "बाह्या काढाव्या तं पाठ उरे नाही. म्हनून जोडून टाकले."

"जोडले कसे तेही पाहू दे या बायांले!" म्हणत बनाबाईनं कुंची उलटी केली. आतली गबाळी शिवण सगळ्यांना दाखवायची होती तिला.

शिवण गबाळी नव्हती. तांदळाच्या दाण्यासारखे एकसारखे टाके, कुठं एक धागा लोंबत नव्हता. फक्त पाच तुकड्यांच्या पाच कोपऱ्यांना पाच गाठी तशाच ठेवलेल्या. तीन लाल, एक पांढरी. आणि डोक्यावर येणाऱ्या मधल्या तुकड्याला पिवळी.

बनाबाईचा हात तिथंच थांबला.

ओटीत आलेला ब्लाउजपीस तिनं कधी शिवला नाही. तो पेटीत जायचा आणि पेटीतून दुसऱ्या बाईच्या ओटीत. ज्या घरचा त्याच घरी परत जाऊ नये म्हणून कोपऱ्याला रंगीत दोऱ्याची गाठ. बनाबाईला लिहिता येत होतं ते सहीपुरतं, पण गाठ ती बरोबर वाचायची. लाल सुलतानपूरच्या नणंदेची. पांढरी शेजारच्या भाऊरावांच्या घरची. पिवळी आशाबाईची.

मधला तुकडा अस्सल खणाचा होता. शरयूच्या लग्नात आशाबाईनं आणलेला. बनाबाईनं घडी न मोडता त्याला गाठ मारली होती. आणि दोन वर्षांमागं काजलच्या लग्नात आशाबाईची ओटी भरताना तोच हाताला लागला. पिवळी गाठ तिला दिसली होती. चांगली दिसली होती. पण बाहेर गाडी हॉर्न वाजवत होती, पेटी पुन्हा उपसायचा कंटाळा आला, आणि मनात म्हणाली होती, आशीले काय समजते.

"या गाठी कसल्या हो?" विहीणबाईंनी चष्म्याआडून विचारलं. "काढायच्या राहिल्या वाटतं."

बनाबाईनं पिवळी गाठ अंगठ्याखाली दाबली.

"राह्यल्या नाहीत, मुद्दाम ठेवल्या," आशाबाई म्हणाली. "आमच्या जाऊबाई कोनालेही कापड देतात तं गाठ मारूनच देतात. लेकराले नजर लागत नाही म्हने."

"म्हणजे कापड यांनीच दिलेलं?"

"सारं त्याइनंच देल्लं. दर ओटीले एक."

"किती माया असते एकेकाची," विहीणबाई म्हणाल्या. "घाला ना मग तुमच्याच हातानं."

बनाबाईनं नातवाला मांडीवर घेतलं, कुंची घातली. हनुवटीखाली बंद बांधायचे होते. इतक्या गाठी मारलेली बोटं, पण बंद दोनदा सुटले. वर पाहायची तिची हिंमत होईना. आशाबाई वाकली, तिनं एक बंद धरून दिला, तेव्हा कुठं ते बांधले गेले. पोराचं डोकं खणात शोभून दिसत होतं.

नाव ठेवून झालं, घुगऱ्या वाटून झाल्या. शरयू नारळ-तांदळाचं ताट घेऊन आली. "आई, आशाकाकूंची ओटी भराची हाये. पीस कोनता काढू?"

"तू राहू दे. मी पाहते."

आतल्या खोलीत बनाबाईनं पेटी उघडली. वरचा पीस घेतला. गाठ. त्याच्या खालचा घेतला. गाठ. मग बसकणच मारली आणि एकेक करून सगळी चळत जमिनीवर काढली. लाल, पांढरी, हिरवी, लाल. तळाला मोरपंखी रंगाचा एक बरा पीस निघाला. पिवळा दोरा, म्हणजे हाही आशाबाईचाच. त्याची गाठ तिनं दातांत धरली. एक हिसका दिला असता तर तुटली असती.

तोंडात दोरा तसाच धरून तिनं दाराच्या फटीतून पाहिलं.

बाहेर पाटावर आशाबाई पदर पसरून बसली होती.