शेजारचं टेबल

वाचनालयातल्या शेजारच्या टेबलावर मुलांची झुंबड होती. तिथलं यंत्र खेळणाऱ्याच्या मनातली चाल ओठांवर येण्याआधीच ओळखून गोष्ट पुढे नेई. तसाच गोष्टीचा खेळ खेळवायला स्वतः रंगवलेला नकाशा, चित्रांची पानं आणि फासे मांडून एकटेच बसलेल्या गुंजाळ सरांच्या पोटात दुखत होतं.

तेवढ्यात तिकडची शर्वाणी येऊन त्यांच्यासमोर बसली.

"काय गं, हरलीस वाटतं?" सरांनी टोमणा मारलाच.

"छे! रोज जिंकते. पण सर, माझं ठरायच्या आतच ते यंत्र गोष्टीतलं दार उघडून मोकळं होतं. मला विचार बदलताच येत नाही."

सरांनी नकाशावरच्या गुहेच्या तोंडाशी राक्षस उभा केला. "बोल, काय करतेस?"

शर्वाणीने तलवारीचं पान उचललं, परत ठेवलं. सर थांबले.

"त्याला जेवायला बोलावते."

याची सरांनी काहीच तयारी केली नव्हती. त्यांनी घाईघाईने वही उघडली आणि राक्षसाला काय आवडतं, ते तिलाच विचारलं.