ताकातले हात

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर रामीबाईच्या डोळ्यात थेंब टाकायला सून काही जवळ येईना. शेजारच्या रेणूला पुढं करायची. शेवटी भेटायला आलेल्या बायांपुढे रामीबाईनं तोंड सोडलं, “सासूच्या आंगाले हात लावाची किळस येते आमच्या राणीले!” बाया हसल्या. शेतातून नुकतीच आलेली सून गुपचूप मागच्या दारी गेली. घटकाभरानं काळा चष्मा सावरत रामीबाई पाणी प्यायला उठली, तर सून दोन्ही हात ताकाच्या गंजात बुडवून बसलेली. “हे काय करून राह्यली वं?” “मिरच्या तोडून आग होऊन राह्यली, आत्याबाई. साबनानं तिखट जात नाही. तुमच्या डोयाले लागलं असतं म्हंजे?” मिरचीच्या तोडणीच्या दिवसांत रामीबाईनं स्वतःच्या तान्ह्या लेकाचं तोंडसुद्धा कधी पुसलं नव्हतं. ताक ठिबकणारा सुनेचा हात धरून ती ओसरीवर आली. बाया हसायच्या थांबल्या. रामीबाईनं तो लाल झालेला हात त्यांच्यापुढे धरला.