ज्याचं डोकं खाली

"भावजी, सोडा म्हणतायत," वहिनीनं खालून सांगितलं.

धाकटा टिपरच्या केबिनमध्ये बसला होता. मागे रिकामा हौदा तोंड वर करून उभा होता आणि त्याचा सगळा भार एका सिलिंडरमधल्या तेलावर होता. लीव्हर ओढला की तेल टाकीत परत जाणार आणि हौदा आपल्या वजनानं खाली येणार. धाकट्यानं लीव्हरवर हात ठेवला.

या गॅरेजात वडिलांनी घालून दिलेला एक नियम होता. वर उचललेल्या हौद्याखाली वाकायचं तर आधी लोखंडी टेकू लावायचा, तेलाच्या भरवशावर राहायचं नाही. टेकू काढला की लीव्हरवाल्यानं ओरडून विचारायचं, "सोडू?" आणि उत्तर द्यायचं ते खालच्यानंच. "ज्याचं डोकं खाली, त्याचाच आवाज," वडील म्हणायचे. तिसऱ्याचं ऐकायचं नाही, मग तो गाडीचा मालक का असेना.

नियम भिंतीवर रंगवलेलासुद्धा होता. पण बेअरिंगं दाबून बसवायचा वडिलांचा जुना हातप्रेस थोरल्यानं न विचारता भंगारात घातला, तेव्हापासून दोघा भावांचा अबोला होता, आणि अबोल्यापुढे भिंतीला कोण विचारतं! त्यामुळे डबा घेऊन आलेली वहिनी मधे अडकायची. "भावजी विचारतायत, पाना कुठला?" "सांग त्याला, मोठा." हातभर अंतरावर दोन भाऊ, आणि मधे हा चालता-बोलता टेलिफोन. आधी आधी तिला हसू यायचं. आता वीट आला होता.

आज थोरल्यानं हौद्याखालचा गळका पाइप बदलला. टेकू काढून बाहेर आला, "सांग त्याला, सोड" म्हणाला, आणि वहिनी केबिनकडे निघाली. तिच्या मागून निघता निघता थोरल्याला नव्या जोडावर तेलाचा थेंब दिसला. एवढंसं तर आवळायचं, म्हणून तो परत आत वाकला. टेकू न लावता. माहीतगार माणसं चुकतात ती अशीच. नवख्याची छातीच झाली नसती.

वहिनीला ते दिसलं नाही. ती निरोप घेऊन केबिनपाशी पोचली होती.

"सोडा ना, साहेब," शेजारी बसलेला टिपरचा ड्रायव्हर म्हणाला. "खेप जाईल माझी."

धाकट्यानं लीव्हर मुठीत धरला आणि सवयीनं बाहेरच्या आरशाकडे पाहिलं. आरशाच्या दांडीला थोरल्याचं घड्याळ लटकत होतं. खाली जाताना तो मनगटावरचं घड्याळ तिथे अडकवायचा आणि काम संपलं की हात पुसायच्याही आधी ते घालायचा. हातप्रेसवरून भांडण झालं त्या दिवशीसुद्धा आधी घड्याळ घातलं होतं, मग भांडला होता.

धाकट्यानं इंजिन बंद केलं.

"वहिनी, दादा कुठंय?"

"हे काय, इथेच तर..." ती मागे वळली. मागे कुणी नव्हतं.

"उगाच वेळ घालवताय. द्या, मी सोडतो." ड्रायव्हरनं लीव्हरकडे हात नेला. धाकट्यानं त्याचं मनगट घट्ट धरलं. मग खिडकीबाहेर डोकं काढून ओरडला, "दादा! सोडू?"

उत्तर नाही. थोरल्यानं हाक ऐकली होती. हातात पाना होता, डोक्यावर वीतभर अंतरावर हौद्याचं लोखंड, आणि आपण कुठे वाकलोय ते त्याला आत्ता उमगलं होतं. भीतीनं बोलला नाही की हट्टानं, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

"दादा, तोंडानं सांग. तू बोलल्याशिवाय मी हात लावणार नाही. संध्याकाळ झाली तरी."

"थांब," हौद्याखालून आवाज आला.

"थांबलोय," धाकटा म्हणाला. त्याला एकदम रडूच आलं. ड्रायव्हरला पुढे घालून तो केबिनमधून उतरला.

थोरला बाहेर आला. कपाळाला तेल, चेहरा पांढराफटक. वहिनीनं त्याचा दंड धरला आणि सोडेचना.

भावांनी मिळून टेकू लावला. हौदा त्यावर टेकवून तेलाचा दाब उतरवला, तेव्हा कुठे थोरल्यानं जोड आवळला आणि फडक्यानं पुसला. मग हौदा बोटभर वर घेऊन दोघं त्या जोडाकडे बघत उभे राहिले. ड्रायव्हरही मागून डोकावून बघत होता. थेंब आला नाही. थोरल्यानं टेकू काढला, आरशाच्या दांडीवरचं घड्याळ घेतलं. पट्टा लावताना त्याची बोटं ऐकेनात, तेव्हा धाकट्यानं तो लावून दिला.

धाकटा परत केबिनमध्ये चढला.

"दादा, सोडू?"

थोरला भिंतीपाशी जाऊन उभा राहिला होता. वडिलांचा नियम त्याच्या पाठीमागे आला होता.

"सोड."

"भावजी, सोडा म्हण..." वहिनी सवयीनं बोलून गेली.

"ऐकलं, वहिनी," धाकटा म्हणाला, आणि त्यानं लीव्हर ओढला.