नवं घे म्हणतंय

नवी सिस्टिम लवकरच नेटवरून आपोआप बसेल, असं दक्षाचा कॉम्प्युटर आठवडाभर बजावत होता. ती बसली की सूक्ष्मदर्शकाचा जुना कॅमेरा चालणार नव्हता, आणि पडद्यावर चंद्रासारखे तरंगणारे भाताचे परागकण यंदा टिपायचे राहून जाणार होते.

"काय मागतंय गं ते?" बायजीआजी रोज विचारायची.

"नवं घे म्हणतंय."

आज दक्षा डहाणूहून सायवनला घरी परतली, तर नेटचं डोंगल गायब. शोधता शोधता ते भाताच्या रिकाम्या कणगीत सापडलं.

"मीच ठेवलं," आजी म्हणाली. "देवाला दाखवल्याशिवाय नवं घेतात का? भात पिकू दे, नव्या दाण्याची पूजा होऊ दे. मग घे."

दक्षाने डोंगल तिथेच राहू दिलं. बाहेर शेतभर भात नुकताच फुलत होता.