जुनी मोटर मिस्त्रीची

साकीनाक्याच्या गाळ्यात नवी मोटर टेम्पोतून उतरली आणि अर्बन मिस्त्रीने पान्यांची पिशवी खाली ठेवली. झालं! आता इथे यायला निमित्तच उरलं नाही.

मोटर पत्रा कापायच्या प्रेसची, आणि प्रेस विमलाबाईंची. नवरा गेल्यापासून बाई एकट्याच तिच्यावर बिजागऱ्या कापायच्या. जुनी मोटर मात्र महिना काढेना, बेअरिंग खाऊन टाकायची. मग अर्बन गोराईहून धावत यायचा. बाईंनी आधीच झाकण खोलून बेअरिंग रॉकेलने धुऊन ठेवलेलं असायचं. "तुमचे हात कशाला माखायचे?" मग चहा, मग गप्पा. बायको मॉनिका वारल्यावर त्याच्याशी एवढं बोलणारं होतं कोण? घरी चार भिंती आणि टीव्ही.

पण मिस्त्री म्हणून लाज वाटायची. आपण बसवलेलं बेअरिंग टिकत नाही म्हणजे काय!

शेवटी बाईंचा भाचा सिद्धेश वैतागला आणि आत्याला न विचारताच नवी मोटर घेऊन आला.

आज विमलाबाईंनी चहासुद्धा विचारला नाही. कंटाळली असेल बाई आपल्याला, अर्बनला वाटलं.

चेनपुलीने त्याने जुनी मोटर उतरवली, नवी चढवली, पट्टा ओढून घेतला. शेवटचा बोल्ट आवळताना हात थबकला. एवढा एक ढिला ठेवला तर? पंधरा दिवसांत बोलावणं येईल. "छे रे देवा," तो पुटपुटला आणि पाना असा दाबला की मनगट दुखलं.

प्रेस झकास चालली.

"आता दहा वर्षं बघायला नको, अंकल," सिद्धेश खूश झाला.

अर्बनने जुन्या मोटरला हात घातला तशा विमलाबाई पुढे आल्या. "ती राहू दे इथेच."

"अगं आत्या, जुनी मोटर मिस्त्रीचीच असते. रीतच आहे ना!"

"मी सांगते ना, राहू दे."

"भंगार कशाला हवंय तुला?" सिद्धेशने रिक्षावाल्याला हाताशी घेऊन मोटर रिक्षात चढवलीसुद्धा. बाई आत निघून गेल्या. साधं 'येत जा' पण म्हणाल्या नाहीत. अर्बनला फार लागलं.

रिकाम्या घरात त्याला घास जाईना. मग मोटर पुढ्यात ओढून त्याने झाकण खोललं. या वेळी आत कुणी धुतलं नव्हतं. ग्रीस बोटांत चोळलं तर कचकच लागली. लोखंड घासायची एमरी पावडर! चांगली चमचाभर, बोटाने आतपर्यंत दाबून भरलेली.

त्या गाळ्यात त्याच्याआधी हे झाकण खोलणारं माणूस एकच होतं.