भोंग्याची अट

शेठ म्हणजे चमडी जाईल पण दमडी सुटणार नाही असा माणूस. एका जुनाट बोटीवर धंदा सुरू करून त्यांनी जहाजांचा ताफा उभा केला, किनाऱ्यावर टॉवरमागून टॉवर बांधले आणि सगळ्यात उंच टॉवरचा वरचा मजला स्वतःला ठेवला. म्हणूनच ताफा विकताना, सौदा पक्का होत आलेला असताना त्यांनी आपणहून किंमत उतरवली, तेव्हा त्यांच्या वकीलबाई हबकल्याच.

"बदल्यात एकच अट," शेठ घेणाऱ्याला म्हणाले. "बंदरातून निघालेलं जहाज माझ्या घरासमोरून जाताना भोंगा वाजवेल. आजवर वाजवत आलंय, तसंच."

"सलामीच ना? देऊ की!" घेणारा खूश होऊन गेला.

घरी पोचेपर्यंत वकीलबाईंचा तोंडाचा पट्टा चालू होता. "जहाजं गेली, तरी सलामीचा सोस काही सुटत नाही तुमचा! एवढ्या पैशात आणखी एक टॉवर झाला असता."

शेठनी स्वतःच चहा करून आणला. जेवणाचं टेबल चांगलं बारा खुर्च्यांचं होतं. त्यातल्या एकाच खुर्चीचं प्लॅस्टिक काढलेलं होतं. शेठनी ती बाईंना दिली आणि स्वतः उभे राहिले.

तेवढ्यात खाली समुद्रात लांबलचक भोंगा वाजला. हातातला कप तसाच ठेवून शेठ लगबगीनं खिडकीशी गेले, काच सरकवली आणि हात हलवला.

"बरं, ये हं. सांभाळून जा... आणि पोचलास की कळव."